गाडीची बॅटरी आणि आईची दुधाची वही

बडोद्यात इलेक्ट्रिक गाडी घेतली की पहिल्या महिन्यात एकच प्रश्न चाळीस वेळा ऐकावा लागतो: "एक चार्जमां केटली चाले?" सोसायटीचा वॉचमन विचारतो, सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला विचारतो, लग्नात पंगतीत वाढणाराही वाढता वाढता विचारून घेतो. साडेतीन वर्षांनी तीच गाडी एक्स्चेंजला काढली, तेव्हा मात्र हे कुणी विचारलंच नाही. शोरूममधल्या मुलाने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टायरवर नख फिरवलं, काट्यावरचे ६८,००० किलोमीटर पाहिले आणि आकडा सांगून टाकला: सव्वापाच लाख. बॅटरीचा उल्लेखसुद्धा नाही. आता इलेक्ट्रिक गाडीच्या किमतीत तिसऱ्या हिश्शाच्या आसपास नुसती बॅटरी असते. सोन्याची अंगठी मोडायला न्यावी आणि सराफाने ती वजन न करताच भाव सांगावा, तसं झालं.

(गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. शोरूमची तक्रार एका माणसापुरती आहे, उगाच सगळ्यांच्या माथी नको.)

तर ही बॅटरी नावाची वस्तू काय आहे, ती घरी कशी भरायची आणि विकताना तिचं वजन कसं करून दाखवायचं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

सुरुवात लाइटबिलापासून करू. बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासात सांगतात. नाव भारदस्त आहे, पण बिलावरचं एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-तास. पेट्रोलच्या टाकीला जसे लिटर, तशी बॅटरीला युनिटं. एमजीच्या छोट्या कॉमेटची टाकी १७.३ युनिटांची, विंडसर पहिल्यांदा आली ती ३८ युनिटांची. या दोन्ही गाड्या आपल्या हालोलला बनतात, जिथून एकेकाळी जनरल मोटर्सच्या गाड्या निघायच्या त्याच कारखान्यात. टाटांची पहिली नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली ती ३०.२ युनिटांची. माझी गाडीही साधारण तीस युनिटांची होती.

एका युनिटात गाडी किती जाते, हा खरा प्रश्न. गावात, चाळीस-पन्नासच्या वेगाने, मला सात किलोमीटर मिळायचे. तीस गुणिले सात, दोनशे दहा. त्या पहिल्या नेक्सॉनच्या प्रमाणपत्रावर ३१२ किलोमीटर लिहिलेले असत. ते खोटे नव्हेत, पण चाचणी ठरावीक आणि बेताच्या वेगाने होते, तिथे तुमचे मेव्हणे मागे बसून एसी वाढव म्हणत नाहीत.

पेट्रोलची गाडी हायवेवर जास्त ॲव्हरेज देते, गावात कमी. इलेक्ट्रिकचं बरोबर उलटं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: वेग दुप्पट, तर विरोध चौपट. अहमदाबादचा एक्स्प्रेसवे ९३ किलोमीटरचा आहे. तिथे शंभरच्या वेगाने गेलो की युनिटमागे साडेपाचच किलोमीटर पडायचे. म्हणजे भरलेल्या बॅटरीवर एकशे पासष्ट. अहमदाबाद जाऊन-येऊन एका चार्जमध्ये होईल असा हिशोब मी पहिल्या खेपेला केला होता, आणि परतताना नडियादच्या आधीच एसी बंद करून, खिडकी उघडून, ट्रकच्या मागे साठने आलो. गावात फायदा का, तर ब्रेक मारताना मोटरच जनित्र बनते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. पावागढला माचीपर्यंत चढताना जे खर्च होतं, त्यातलं थोडंफार उतरताना पुन्हा जमा होताना काट्यावर दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुणीतरी उसने पैसे परत केल्यासारखं वाटलं होतं.

आता घरचं चार्जिंग. इथे लोक गाडीचा विचार करतात आणि घराचा विसरतात.

आमचं घर कारेलीबागेत, आजोबांच्या वेळचं. गाडी आली, सोबतची केबल पोर्चमधल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावली, आणि केबलवरच्या डबीत लाल दिवा. तीन वेळा काढून लावली, तरी लालच. कंपनीत फोन केला तर म्हणाले, घराचं अर्थिंग तपासा. इलेक्ट्रिशियन आला, मल्टिमीटरची एक तार न्यूट्रलमध्ये, दुसरी अर्थमध्ये घातली आणि मीटर माझ्याकडे वळवला: १७ व्होल्ट. "साहेब, बे-त्रणनी अंदर जोईए." म्हणजे दोन-तीनच्या आत हवेत. मिक्सर आणि गिझर वर्षानुवर्षं याच अर्थिंगवर बिनतक्रार चालत होते. गाडीच्या चार्जरला ते चालत नाही, कारण तो आठ-आठ तास सलग मोठा प्रवाह ओढतो आणि सुरू होण्याआधी स्वतः अर्थ तपासतो. मग पारिजातकाजवळ सहा-सात फुटांचा खड्डा खणला, तांब्याची पट्टी उभी केली, आणि कोळसा, मीठ, कोळसा, मीठ असे थर दिले. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "अर्थिंग करतोयस का लोणचं घालतोयस?" वरून चार बादल्या पाणी ओतलं, तासाभराने मीटर लावला तर दीड व्होल्ट. दिवा हिरवा झाला. तेव्हापासून मे महिन्यात आठवड्यातून एकदा त्या खड्ड्याला बादलीभर पाणी घालायचं काम आईने स्वतःकडे घेतलं आहे.

साध्या सॉकेटमधून तासाला अडीच ते तीन युनिटं मिळतात. रोज बडोदा-हालोल-बडोदा ऐंशी किलोमीटर, म्हणजे बारा-तेरा युनिटं. रात्री दहाला लावली की पहाटे तीनपर्यंत काम झालेलं. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा बॉक्स हे निम्म्याहून कमी वेळात करतो, पण तो एकटा ३२ अँपिअर खेचतो. तुमच्या बिलावर मंजूर लोड तीन किलोवॉट असेल तर आधी तो वाढवून घ्यावा लागतो, म्हणजे अर्ज, जास्तीचं डिपॉझिट आणि बहुधा मीटरपासूनची जाडी वायर. माझ्या मते रोजचं धावणं शंभराच्या आत असेल तर बॉक्सची घाई करू नये. आम्ही दोन वर्षं सॉकेटवरच काढली. फक्त सॉकेट आणि वायर चांगली हवी, आणि एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको.

आणि एक शंभर टक्के घ्यावी अशी वस्तू: चार्जिंगच्या लाइनीवर छोटा सब-मीटर. मला तो फक्त लाइटबिलाच्या कुतूहलापोटी लावायचा होता. आईने दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानापासून उलटं लिहायला घेतलं: तारीख, काट्यावरचे टक्के लावताना किती, काढताना किती, मीटरवर किती युनिटं. तिला बॅटरीशी काही देणंघेणं नव्हतं, आकडे लिहिले नाहीत तर चैन पडत नाही इतकंच.

खर्च त्या वहीतूनच निघाला. बॅटरीत दहा युनिटं जायची तर मीटरवर अकरा पडतात, बाकी वीज उष्णता होऊन जाते. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट आठच्या आसपास पडतं, म्हणजे किलोमीटरला सव्वा रुपया. माझी आधीची पेट्रोल गाडी सव्वासहा खायची. अडुसष्ट हजार किलोमीटरांत साधारण तीन लाख चाळीस हजार वाचले. मात्र हे घरच्या विजेचं गणित. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर मला जीएसटी धरून युनिट वीस-बावीसला पडलं आहे, तिथे किलोमीटर साडेतीन रुपयांच्या पुढे जातो. ज्याच्या घरी प्लग लावायला जागा नाही आणि जो सगळंच बाहेर भरणार, त्याने हा हिशोब आधी करावा. फ्लॅटवाल्यांसाठी एक गोष्ट: घरच्या चालू वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिलेली आहे, त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते समजावणं मात्र तुमचं तुम्हीच.

फास्ट चार्जर ऐंशी टक्क्यांनंतर का रेंगाळतो, हेही बरेच जण विचारतात. एसटी स्टँडवर रिकामी बस लागते तेव्हा पहिले तीस जण धडाधड चढून बसतात. शेवटच्या चौघांना मात्र "सरका हो जरा" करत जागा शोधावी लागते. बॅटरीत लिथियमचे कण असेच ग्रॅफाइटच्या थरांत जागा शोधून बसतात. गर्दी झाल्यावर ढकलाढकली केली तर काही कण आत न शिरता पृष्ठभागावरच धातू होऊन साठतात, आणि तेवढी क्षमता कायमची जाते. म्हणून गाडी स्वतःच प्रवाह कमी करते. रांगेत मागे दोन गाड्या असताना नव्वदच्या पुढे वाट बघत बसणाऱ्याला काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही.

बॅटरी म्हातारी होते ती दोन कारणांनी, वापराने आणि नुसत्या दिवसांनी. दिवसांनी होणारी झीज उष्णतेत आणि भरगच्च भरलेल्या अवस्थेत वाढते. म्हणजे मे महिन्यात शंभर टक्के भरून गाडी आठवडाभर उन्हात उभी करणं हे रोजच्या वापराहून वाईट. यातही जात बघावी लागते. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली बॅटरी रोज ऐंशीपर्यंतच भरावी. लोह-फॉस्फेटवाली, जिला एलएफपी म्हणतात आणि जी आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत असते, ती शंभरला तेवढी घाबरत नाही. उलट तिला मधूनमधून पूर्ण भरावं असं कंपन्याच सांगतात, कारण तिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो आणि किती भरली आहे हे गाडीलाच नीट कळत नाही. पूर्ण भरली की हिशोब पुन्हा जुळतो. तुमची कुठली, हे मॅन्युअलमध्ये बघा, शेजाऱ्याचं ऐकू नका.

एवढ्या मोठ्या बॅटरीच्या जोडीला गाडीत साधी बारा व्होल्टची छोटी बॅटरीही असते, हे मला नवरात्रात कळलं. रात्री एक वाजता गरबा संपवून पार्किंगमध्ये आलो, किल्ली दाबली, गाडी ढिम्म. दार उघडेना, दिवा लागेना. मोठ्या बॅटरीत सत्तर टक्के होते, पण तिला गाडीशी जोडणारे स्विच ओढायला बारा व्होल्ट लागतात आणि तीच संपली होती. हजारो माणसं केडियू-चणियाचोळीत घरी चाललेली, आणि मी शेजारच्या अल्टोवाल्याकडे जंपर केबल मागतोय. तो केबल लावून देताना हसून हसून बेजार. दर तीन-चार वर्षांनी ही छोटी बॅटरी बदलून टाकावी.

बडोद्यात पुराचं बोलल्याशिवाय गाडीचं बोलणं पूर्ण होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याच्या पातळीपेक्षा जवळपास दहा फूट वर. मगरी रस्त्यावर आल्या. मी आदल्या संध्याकाळी गाडी उड्डाणपुलावर नेऊन लावली. तिथे आधीच रांग होती. आता बॅटरीवर लिहिलेलं असतं आयपी ६७. त्याचा अर्थ, एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जात नाही. म्हणजे साठलेल्या पाण्यातून गाडी काढताना शॉक बसेल ही भीती अनाठायी आहे. पण बेसमेंटमध्ये दोन दिवस चिखलपाण्यात उभी राहिली तर त्या अर्ध्या तासाच्या कसोटीचा काही उपयोग नाही. अशी गाडी सुरू करायची नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही, सरळ टोइंगने सर्व्हिस सेंटरला. विमा घेताना इंजिनाच्या संरक्षणासारखं बॅटरीचं वेगळं ॲड-ऑन मिळतं, आपल्या गावात तरी ते घ्यावं. बडोद्याची जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस आता पहिलं विचारतो, "पूरमां हती?"

आता सव्वापाच लाखांकडे येतो.

भाव पडण्यामागे शोरूमवाल्याचा सगळा लबाडपणा नव्हता, हे मान्य करायला हवं. नव्या गाड्याच स्वस्त झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी नेक्सॉन ईव्ही आणि टियागो ईव्हीचे दर उतरवले, त्याच सप्टेंबरमध्ये सणाच्या निमित्ताने आणखी. त्याच महिन्यात विंडसर आली ती बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेसकट: गाडी ९.९९ लाख आणि बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये. कमी पैशांत मोठ्या बॅटरीची नवी गाडी मिळत असेल तर माझ्या जुनीला कोण पुसणार? शिवाय गुजरात सरकारच्या २०२१ च्या धोरणात चारचाकीला दीड लाखापर्यंत अनुदान होतं, ते मला मिळालं होतं. व्यापारी बिलावरची किंमत नाही, खिशातून गेलेली किंमत धरतो. त्यात तो चुकत नाही.

चुकतो तो बॅटरी न बघता. किलोमीटरचा काटा पेट्रोल इंजिनाची झीज सांगतो. बॅटरीची सांगत नाही. वीस हजार चाललेली, पण रोज फास्ट चार्जरवर शंभरला भरून उन्हात उभी राहिलेली गाडी माझ्या अडुसष्ट हजारांहून थकलेली असू शकते. बॅटरीची तब्येत टक्क्यांत मोजतात, नवी असताना शंभर. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची असते, आणि तब्येत ठरावीक मर्यादेखाली, बहुधा सत्तरच्या खाली गेली तरच दाद मागता येते.

घरी आलो आणि दुधाची वही काढली. २०२२ मधल्या नोंदी: १० टक्क्यांवरून ९० पर्यंत, २७ युनिटं. त्यातलीच दुसरी, २६.९. तिसरी, २७.१. मग तीन रात्री मुद्दाम गाडी दहापर्यंत उतरवली आणि नव्वदपर्यंत भरली: २४.९, २५, २४.८. चोवीस पूर्णांक नऊला सत्तावीसने भागा, ब्याण्णव टक्के. साडेतीन वर्षांत आठ टक्के झीज. एकाच रात्रीच्या आकड्यावर विसंबू नये, गारठा-उकाड्याने आणि काट्याच्या अंदाजाने एखादं युनिट इकडेतिकडे होतं. पण तीनदा सारखं आलं की विश्वास ठेवायला हरकत नाही. पडताळा म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीचा छापील अहवाल मागितला. आधी "असं काही देत नाही" म्हणाले, लेखी अर्ज दिल्यावर दुसऱ्या दिवशी दिला. त्यात ९३ होते.

वही आणि अहवाल घेऊन पुन्हा शोरूमला गेलो. या वेळी मॅनेजर बसले होते. त्यांनी वहीचं पान उलटलं, पुढच्या बाजूला आईचं "म्हशीचं २ लि., गाईचं १ लि." निघालं, ते बघून हसले, आणि मग मात्र मागून पुढे सगळं वाचत गेले. भाव सहा लाख दहा हजार झाला, वर नव्या गाडीवर पन्नास हजार एक्स्चेंज बोनस. बाहेरचा एक गिऱ्हाईक मला पावणेसात द्यायला तयार होता. म्हणजे फरक पंधरा हजारांचा. त्यासाठी आरसी नावावर होईपर्यंत अनोळखी माणसाच्या दंडाची जबाबदारी आपल्या डोक्यावर ठेवावी असं मला वाटलं नाही.

डीलर बाहेरच्यापेक्षा कमी का देतो, त्याचं एक कारण कराचं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी कौन्सिलने जुन्या गाड्यांच्या धंद्यावरचा दर १८ टक्के केला, इलेक्ट्रिकसकट. तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरलं की आपण तोट्यात गाडी विकली तरी कर. तसं नाही. सहा लाखांना घेतलेली गाडी डीलरने सातला विकली तर मधल्या एका लाखावर १८ टक्के, म्हणजे अठरा हजार, आणि ते त्याने भरायचे. घरगुती माणसाने माणसाला विकली तर जीएसटी नाहीच.

नवी घेताना "लाइफटाइम बॅटरी वॉरंटी" अशी मोठी पाटी दिसेल. तिची बारीक अक्षरं वाचा: ती सहसा पहिल्या मालकापुरती असते, आरसीवरचं नाव बदललं की वर्षं आणि किलोमीटर मोजून मिळतात. म्हणजे ती तुम्ही वापरता, विकू शकत नाही. जुनी घेणाऱ्याने उरलेली वॉरंटी लेखी मागावी.

देण्याच्या दिवशीची कामं भराभर सांगतो. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरून बोजा उतरवणं आधी. विम्यातला नो-क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो, तो नव्या पॉलिसीवर न्या. फास्टॅग बंद करा. चार्जिंगची केबल डिकीत आहे ना बघा, नाहीतर नंतर तिचे पैसे मागतात. भिंतीवरचा बॉक्स राहू द्या, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना घरच्या चार्जिंगचा प्लग एकाच प्रकारचा, टाइप २ नावाचा असतो, नव्या गाडीलाही बहुधा चालेल.

एक काम मात्र मी विसरलो. नवी गाडी येऊन दहा दिवस झाले होते. रात्री जेवताना मोबाइल वाजला: "आपली गाडी ८२ टक्के चार्ज झाली आहे." बाहेर जाऊन पाहिलं तर पोर्चमध्ये केबल लावलेलीच नव्हती. ॲप उघडलं. जुनी गाडी गोध्र्याला कुणाच्या तरी अंगणात चार्जिंगला लागली होती, नकाशावर निळा ठिपका होता, आणि खाली बटण होतं, एसी चालू करा. आई म्हणाली, "युनिटं किती गेली ते दिसतंय का बघ." दिसत होती. मग ॲपमधून गाडी काढून टाकली.